आखूड साखळी

"ही जागा गेली, असं धरून चाला," मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावर पलीकडच्या खाडीचा नकाशा पसरला. मुख्यालयाबरोबरच्या दुपारच्या ऑनलाइन बैठकीत लाटवालीने बोलायची गरज नाही, बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

लाटवाली हे नाव तिला ऑफिसने दिलेलं. लाटांपासून वीज करायची तर समुद्र दणकट हवा, आणि समुद्रात घुसलेल्या या टोकासारखा दणकट समुद्र दुसरीकडे सापडणार नाही, असं ती जो भेटेल त्याला ऐकवत सुटली होती. आणि आता लाटांची उंची मोजायला समुद्रात सोडलेला पिवळा तरंगता बोया तिच्यावरच उलटला होता. त्याने पाठवलेली सरासरी बेताचीच होती. म्हणजे घरचाच साक्षीदार फुटला म्हणायचा.

दाराशी तिचा धाकटा दीर उभा होता. बोये समुद्रतळाला बांधणारा पाणबुड्या तोच. त्याचा चेहरा इतका उतरला होता, की तिला स्वतःपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सगळं आवरायच्या आधी तिने शेवटचं म्हणून पडद्यावर नुसती सरासरी न घेता लाटांच्या चढउताराची मूळ रेघ लावली. एरवी ती उघडून बघायला वेळ होता कुणाला? रेघ चढली, चढली आणि वर सपाट झाली. पुढची लाटही तशीच. त्याच्या पुढचीही. सगळ्यांच्या डोक्यावरून कुणी इस्त्री फिरवावी, तशी.

समुद्र काय साच्यातून लाटा काढतो?

"भावजी, साखळी किती सोडलीत?"

दिराने मान खाली घातली. मग हळूहळू एकेक बाहेर आलं. ठरली होती त्याहून त्याने ती बरीच आखूड ठेवली होती. "मागचा बोया भरकटत जाऊन खडकावर फुटला, तेव्हा बोलणी तुम्ही खाल्लीत, वहिनी. म्हटलं, या वेळी जागचा हलायला नको."

याला रागवावं की याची पाठ थोपटावी, हेच तिला कळेना. मग तिने दोन्ही राहू दिलं आणि साहेबांकडे वळली. भरतीला पाणी चढलं की साखळी ताणली जाते, बोयाला लाटेच्या माथ्यावर जाता येत नाही, लाट त्याच्या डोक्यावरून निघून जाते, हे तिने एका दमात सांगितलं. मोजल्या गेल्या त्या लाटा नव्हत्याच, ती साखळीची लांबी होती.

साहेबांना ही सबब वाटली. त्यांनी तसं तोंडावर म्हटलंही.

"आत्ता भरतीच आहे, साहेब. चला, डोळ्यांनी बघा."

दिराने जीप अशी हाणली की साहेबांना दोन्ही हातांनी दांडी धरावी लागली. टोकावर वारा उभं राहू देत नव्हता. साहेबांनी दुर्बीण लावली आणि बोया कुठे आहे म्हणून विचारलं. तिने बोट दाखवलं. त्यांना तिथे नुसतं पाणी दिसलं. ते चिडून काही बोलणार, तोच बादलीत दाबून धरलेला चेंडू सुटावा तसा पिवळा बोया उसळून वर आला. श्वास घेतो न घेतो तोच पुढच्या लाटेने त्याला पुन्हा गिळलं. मग पुन्हा वर. पुन्हा गडप.

"अरे बाप रे," साहेब पुटपुटले आणि दुर्बीण डोळ्याला लावूनच पुढे सरकले. दिराने त्यांचा दंड धरून मागे खेचलं, पण तोवर खालच्या खडकावर फुटलेली लाट उंच उडाली होती. त्या पाण्याने साहेबांना डोक्यापासून बुटांपर्यंत धुऊन काढलं. चष्मा एका कानावर लोंबत राहिला. लाटवालीला हसू आवरेना. नोकरी गेली तरी चालेल, असं हसू.

ऑफिसात परतल्यावर साहेबांना कुणीतरी टॉवेल दिला, तो त्यांनी तसाच खुर्चीवर टाकला आणि ओल्या कपड्यांनिशी कॅमेऱ्यासमोर बसले. त्यांच्या बाहीतून पाणी निथळत होतं, नेमकं पलीकडच्या खाडीच्या नकाशावर. लाटवाली भिंतीला टेकून उभी होती. खालच्या गोदामातून दीर लांब साखळी ओढत असल्याचा खळखळाट येत होता. त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

पडद्यावरच्या माणसांनी साहेबांकडे बघितलं. एकाने विचारलं, "काय हो, तिकडे पाऊस आहे का?"

"नाही," साहेब म्हणाले. ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी लाटवालीकडे सरकवली. "बसा. काय आहे ते तुम्हीच सांगा यांना."

खुर्ची ओलीचिंब होती. ती तशीच बसली.