पिंकीच्या वाटची वाम

सापासारखी बुळबुळीत वाम मासळी हातातून निसटते, म्हणून वत्सलाबाईने ती चुलीतल्या राखेत चांगली घोळवली आणि विळीवर धरली. हातभर लांब, मनगटाएवढी जाड. पोट चिरलं तशी पिवळी चरबी वर आली. तेवढ्यात नाशिकच्या कॉलेजातली हर्षाली अंगणात येऊन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी ती इथूनच तपासायला मासे घेऊन गेली होती.

"या ताई, बरोबर जेवणाच्या टायमाला आल्या," वत्सलाबाई म्हणाली. "पण ह्यातलं नाय मिळायचं. ही पोरीची हाय."

पोरगी म्हणजे पिंकी. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आलेली. आता बाळाला दीड महिना झाला होता. ती आल्यापासून जाळ्यात सापडलेली एकही मोठी वाम बाजाराला गेली नव्हती.

"आमच्या वाट्याला काड्या," सून उज्वला भाकरी थापता थापता म्हणाली. काड्या म्हणजे बोटभर मासे, कोणी विकत घेत नाही असले. "पाच वर्षं झाली या घरात येऊन. वामीचा तुकडा कसा लागतो ते आत्याबाईंना विचारा."

"मग जा की माहेरी खायला."

"माझ्या माहेरी नदीच नाय."

वत्सलाबाई खळखळून हसली. हर्षाली हसली नाही. ती ओट्याच्या कडेला टेकली. हातातली फाइल तिने उघडली नाही.

"मावशी, पिंकी ही रोज खाते?"

"दिवसाआड. अहो, दूध बघा कसं उतरलंय! लेकरू कसं टणक झालंय. वामीनंच ना."

"आता नका देऊ तिला. मोठी वाम तर नकोच."

मग हर्षालीने सावकाश सांगितलं. वरून शहराच्या, कारखान्यांच्या पाण्याबरोबर एक विषारी गोष्ट नदीत येते. ती कुजत नाही. पाण्यात राहत नाही, चरबीत जाऊन बसते. "पाण्यात इतकी थोडी, की आमच्या मशीनलाही जेमतेम सापडली. काड्यांमध्ये थोडी जास्त. वामीत मात्र..."

वत्सलाबाईची बोटं सवयीने वामीच्या पोटात गेली होती. एक काडी बाहेर आली. मग दुसरी. सहा निघाल्या; शेवटची अर्धी विरघळलेली. चाळीस वर्षं ती वामीच्या पोटातून काड्या काढून फेकत आली होती. आज तिने त्या राखेवर ओळीने ठेवल्या.

"रोज एवढ्या गिळते ही," ती हळू म्हणाली. "आन् एवढी व्हायला पाच-सहा वर्षं लागतात."

"हो."

"आन् त्यातलं काय बाहेर जात नाय."

"फार थोडं जातं."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"मी मीठ-हळद लावून ठेवते की. चार पाण्यानं धुते."

"त्याने नाही जात, मावशी."

"लय उकळली तर?"

"नाही."

वत्सलाबाईने विळी आडवी केली. "बरं. आजपासून बंद. पण जे गेलंय ते पिंकीच्या अंगातून कसं काढायचं, ते सांगा. सिव्हिलला नेते. काही तरी औषध असंलच."

"औषध नाही. वर्षानुवर्षं राहतं ते." हर्षालीला पुढचं सांगायचं नव्हतं, पण विचारलेलं चुकवणं तिला जमेना. "बाईच्या अंगातून ते लवकर निघायची एकच वाट असते."

वत्सलाबाईने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"दुधातून," ती म्हणाली.

"पण अंगावरचं दूध तोडू नका हं!" हर्षाली घाईने म्हणाली. "मी डॉक्टरांना विचारून आलेय. बाळाला आईच्या दुधाइतकं चांगलं अजूनही दुसरं काही नाही. पाजू दे तिला."

"पुढच्या लेकराला?"

"कमी जाईल. पहिलंच जास्त काढून घेतं."

"पिंकी माझी पहिलीच," वत्सलाबाई म्हणाली. "तिच्या वेळी मीबी वामच खाल्ली."

उज्वला पिठाच्या हातांनीच उठून आली. तिने वाम, काड्या, राख, सगळं पाटीत भरलं. "उठा, आत्याबाई," ती म्हणाली. "मी खड्डा करून पुरते. कुत्र्यालासुद्धा नको."

वत्सलाबाई हात धुऊन आत गेली. पिंकी भिंतीला टेकून बाळाला पाजत होती. वत्सलाबाईने बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले.

"का गं आई? आत्ताशी तर लागलाय. बघ तरी, सोडतच नाय मला."

हात तसेच अधांतरी राहिले. मग वत्सलाबाई खाली बसली. तिने पिंकीच्या पाठीमागे उशी सारली, आणि बाळाची मान अवघडली होती ती आपल्या तळव्यावर तोलून धरली.

"पिऊ दे," ती म्हणाली.

त्याचा एकेक घोट तिच्या तळव्याला कळत होता.