घरदिव्याची तक्रार

“नमस्कार, घरदिवा इंटरनेट. मी रुची बोलते. काय मदत करू?”

“थो घरदिवा पुन्हा बंद पडला, मॅडम,” पलीकडून शिवलाल म्हणाले. “लाल लाइट पेटून राहिला.”

उर्वशीनं मांडीवरचं लेकरू दुसऱ्या हातावर घेतलं. फोनवर मात्र ती रुची होती.

घरदिवा म्हणजे भिंतीला टांगायचा पडदा. भजन, धानाचे भाव, परगावी गेलेल्या लेकरांची तोंडं, सगळं त्यात दिसायचं. दुकानातून खोकं आणायचं, पडदा टांगायचा, पिन खोचायची, की झालं. देवरीच्या एका दुकानदारानं त्याला आपलं नाव दिलं होतं. लाइन गोंदियाच्या कंपनीची. तीच लाइन नागरा गावात ‘चांदणी’ म्हणून विकली जायची. माल एकाचा, बारसं भलत्याचं! कंपनीच्या पोरी घरी बसून फोन घ्यायच्या आणि फोनबरोबर आपलीही नावं बदलायच्या. उर्वशी घरदिव्याला रुची, चांदणीला निर्मला. खरं नाव कुणाला सांगायचं नाही, हा कंपनीचा दंडक. दुकानदाराच्या माणसांनाही ते ठाऊक नसायचं.

उर्वशीला हा दंडक देवासारखा पावला होता. कारण शिवलाल तिचे बाबूजी. भुपेंद्रशी तिनं आपल्या मर्जीनं लग्न केलं, त्या दिवशी ते म्हणाले होते, “आजपासून तुहा आवाज मले आयकाचा नाई.” आणि शिवलाल म्हणजे दिलेला शब्द गिळणारा माणूस नव्हे. गाव जाणून होतं.

आधी फोन आला होता माहेरी शेजारी राहणाऱ्या कवडूकाकाचा. त्यानं तो स्पीकरवर टाकलेला, मागे अर्ध्या मोहल्ल्याचा गलका. कुणी आवाज ओळखला तर? पण तिनं शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध भाषा लावली आणि कवडूकाका शेवटी “थँक्यू रुची मॅडम” म्हणून मोकळा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिवलालनी घरदिवा घेतला, आणि त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या.

पहिल्या दिवशी तो आवाज कानात पडला आणि तिचे डोळे भरून आले. गिऱ्हाइकाला ‘सर’ म्हणायचा नियम होता. बापाला सर कसं म्हणणार? ‘काका’ म्हणून तिनं वेळ मारून नेली.

“काका, पिन काढून पुन्हा लावा बरं.”

“लावलो.”

“आता लाइट कोणता?”

“तुमी म्हणान तो.” मग जरा थांबून, “हिरवा. हिरवा झाला.”

यंत्रापुढे म्हातारा अगदीच अडाणी, असं वाटून तिला हसू यायचं आणि मायाही दाटायची. पडदा दुरुस्त झाला तरी शिवलाल फोन ठेवत नसत. धानाची रोवणी आटोपली, मुन्नीबाईचा गुडघा दुखून राहिला, वावरातल्या बोडीत पाणी चांगलं हाय... उर्वशी आईच्या गुडघ्याची बातमी परक्यासारखी ऐकायची. “काळजी घ्या हं त्यांची,” एवढंच म्हणायची.

एकदा लेकरू मध्येच रडलं.

“कोन होय?”

“माझा मुलगा. दात येताहेत.”

मग शिवलाल खाकरले. “गाजराचा तुकडा थंड करून द्या चावाले. आमच्या घरी तसाच करत.”

तेव्हापासून ते आधी लेकराचं विचारायचे, मग लाल लाइटचं. रांगते का? उभा राहते का? अलीकडे फोनमागे ठोकाठोक ऐकू यायची.

“काय ठोकताय, काका?”

“काई नाई. घरचा जुना लाकूड हाय.”

पण एकाच घरच्या इतक्या तक्रारी कंपनीच्या डोळ्यांवर आल्या. साहेबांनी सांगितलं, “माणूस पाठवून सगळा संच बदलून टाका. पुन्हा फोन येता कामा नये.”

पुन्हा फोन येता कामा नये! उर्वशीनं ताट बाजूला सारलं. पडदा सुरळीत चालला की बाबूजींचा आवाज बंद. नादुरुस्तच राहू द्यावं, असंही मनात येऊन गेलं. पण म्हातारा हौसेनं वस्तू घेतो, ती त्याला सुखानं वापरू द्यायची नाही, एवढी आपमतलबी ती नव्हती. तिनंच फोन लावला.

“काका, उद्या दुकानातला योगराज येईल. नवीन बसवून देईल. मग तक्रारच राहणार नाही.”

ठोकाठोक थांबली.

“कायले तरास घेता? एवढा काई बिघडला नाई.”

“आता तरी चांगलं चालू द्या, काका.”

“बरं,” शिवलाल हळूच म्हणाले. “लेकराले जपा.”

त्या दिवशी ती खूप रडली. भुपेंद्रनं विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवरीच्या दुकानातला योगराज फोनवर आला. तो चांगलाच तापला होता.

“रुची मॅडम, कशी तक्रार लिहून राहिल्या तुमी? खोक्याची चिकटपट्टीबी निंगाली नाई अजून! दुकानातून आणला तसाच माळ्यावर पडून हाय.”

“मग... काका काय म्हणतात?”

“म्हणते, लावू नको. लावला तं मंग मी तक्रार कायची करू? अन् म्हातारा पांगुळगाडा माह्या मोटरसायकलले बांधून देऊन राहिला. घरचा जुना होता, नवीन चाकं ठोकलो म्हणते. तुमच्या कंपनीतल्या उर्वशीच्या पोराले नेऊन दे म्हणते.” योगराजनं दम घेतला. “मॅडम, आपल्या कंपनीत हे उर्वशी कोन हाय?”