बास म्हणणारं माणूस

“येऊ द्या... येऊ द्या... बास!” जुनी पिकअप मागे घेताना गेनबाच्या कानात अजून बायकोचा, सारजाबाईचाच आवाज. नात झाल्यापासून ती दिघीला, पोराच्या एका खोलीच्या घरात. वाट जेमतेम अर्ध्या तासाची. पण इकडे कुरुळीत गेनबा आणि चूल, दोघंही गार.

यंदा त्यानं भंगारातून चाकांवरचं एक पत्र्याचं घर उचललं. ते ओढायला ज्योतीराम वेल्डरनं पिकअपला हूक जोडला, वजन पेलायला स्प्रिंगचे पाटे वाढवले, मागच्या दिव्यांची वायर ओढली. पण हूक घराच्या कडीखाली येईना. गेनबा दर वेळी वीतभर चुकायचा.

“काका, मागं कॅमेरा लावू का?”

“कॅमेरा बास म्हणतो व्हय रं?”

ज्योतीराम हसला. त्यानं घरच ढकलत आणून अडकवलं. “आन् निघालाय कुठं? गोवा का काश्मीर?”

“लांब हाय,” म्हणत गेनबानं बाजूला जाऊन फोन लावला.


“सारजे, पोराच्या खोलीत मला जागा न्हाई, म्हून घरच घिऊन येतोय. तू फकस्त खाली हुबी राहा, आन् बास म्हण.”