वृषभेचा आठवडा

"शास्त्रीबुवा, तुमच्या वृषभवाल्यांना झालंय तरी काय?" पानाची प्रमुख बाई मान वर न करताच म्हणाली. "सोमवारी जुनं दुखणं, मंगळवारी डॉक्टरांचा सल्ला, काल डावी बाजू. बाकीच्या राशी बघा, कशा ठणठणीत!"

"ग्रहच तसे पडलेत, त्याला मी काय करू?" उपसंपादक म्हणाला आणि टाइप करत राहिला.

ग्रहांचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो मूळचा खेळाच्या पानावरचा. पण पेपराचे ज्योतिषी एक दिवस मजकूर पाठवेनासे झाले, संपादक म्हणाले, "तात्पुरतं तू भर," आणि ते तात्पुरतं अजून संपलं नव्हतं. वर फोटो ज्योतिष्यांचाच, दाढीसकट. बाहेर कुणाला कळता कामा नये अशी तंबी होती. त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

पेपर इंग्रजी. त्या मुलखात नदी ओलांडली की भाषा बदलायची, त्यामुळे एकमेकांची भाषा न कळणारे सगळेच तो घेत. कचेरीतही तीच तऱ्हा. कामाचं बोलणं इंग्रजीत, शिव्या ज्याच्या त्याच्या भाषेत. प्रमुख बाई त्याच्याच भाषेची, म्हणून थट्टाही घरच्यासारखी.

"उद्याचं जरा आटोपशीर लिही हं," ती म्हणाली. "ऐनवेळी जाहिरात आली की पहिला बळी तुझाच."

"उद्याचं तेवढं छापून जाऊ द्या ना, बाई. उद्याचं महत्त्वाचं आहे."

उद्या शुक्रवार. आईच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी उद्याची वेळ दिली होती, आणि आईने मुळीच येणार नाही म्हणून सांगितलं होतं. मोतीबिंदू पार पिकलेला. आणखी थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टर बजावून बसले होते. परवा तर तिने साखर समजून चहात मीठ घातलं आणि वर "तुमच्याच जिभेला चव नाही" म्हणून मोकळी झाली.

"डोळ्याला सुरी लावू देणार नाही," एवढंच तिचं पालुपद. मुलाने समजावलं, सुनेने विनवलं. आतून ती भीतीने गळाठली होती. पण कबूल करील ती आई कसली!

तिचा विश्वास एकाच गोष्टीवर, पेपरातल्या भविष्यावर. इंग्रजी तिला येत नसे. सकाळच्या चहाबरोबर सून वाचून अर्थ सांगायची. आधी सासूची वृषभ, मग स्वतःची तूळ. तुळेला तो रोज "कौतुक होईल" एवढं लिहून वाटेला लावी.

"कौतुक झालं की सांगा मला," सून हसून म्हणे. माहेरी जायचं तिच्या केव्हाचं मनात होतं, पण सासूला अशी सोडून जाणार कशी?

तो आठवडाभर वृषभेलाच चिकटून होता. कधी नव्हे ते मन लावून लिहीत होता. बुधवारी सुनेने वाचलं, "डावी बाजू जपा. दुखणं अंगावर काढू नका. ओल्या केसांनी पंख्याखाली बसू नका."

"अगं बाई!" आई म्हणाली. "अगदी घरातलं कुणी रागावल्यासारखं लिहिलंय." आणि केस पुसत पंख्याखालून उठली. त्याने पेल्यात तोंड घातलं. मासा गळाला लागतोय, असं त्याला वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी त्याने शेवटचा घाव घातला. "वृषभ: आज शस्त्रक्रियेस उत्तम दिवस. भिऊ नका. तुमची माणसं बरोबर आहेत." शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचून पाहिलं. मग तो घरी गेला.

सकाळी उठून बघतो तो आई ठेवणीतली साडी नेसून, पिशवी भरून दारात उभी.

"आटप लवकर. आजचा दिवस चांगला आहे, पेपरात आलंय."

त्याला आभाळ ठेंगणं झालं.

दवाखान्यात ही गर्दी! खिडकीवरची मुलगी वैतागून म्हणाली, "आजी, तुमचीही रास वृषभच का हो? आठवडाभर रीघ लागलीय नुसती."

"मग! ग्रहच तसे पडलेत," आई म्हणाली आणि मुलाचा हात घट्ट धरून आत गेली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत तिने तो सोडला नाही.

सगळं सुरळीत पार पडलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "झकास झालं. दिसेल आता सगळं." सुनेने डोळे पुसले. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. आता आपली करामत डोळे भरून बघावी म्हणून त्याने बाकावरचा पेपर उचलला.

भविष्याच्या जागी गाद्यांची जाहिरात होती. त्याने पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं. भविष्य आजच्या अंकात नव्हतंच.

"तू आईला सकाळी वाचलंस काय?" त्याने बायकोला विचारलं.

"काही नाही. सगळी पानं धुंडाळत होते, तर त्याच म्हणाल्या, राहू दे गं, आज काय असणार ते ठाऊक आहे मला. आणि साडी बदलायला गेल्या."

इतक्यात आईला बाहेर आणलं. एका डोळ्यावर पट्टी, चेहरा मात्र सुखाचा. ती त्याच्या खांद्याला धरून कानाशी वाकली.

"काय रे, उद्याचं लिहिलंस का? नसलंस लिहिलं, तर तुळेला नुसतं कौतुक पुरे झालं. लिही, सासूचं औषधपाणी नवऱ्याच्या गळ्यात मारा आणि चार दिवस माहेरी जाऊन या."