रेघेतला खड्डा

"जगाचं कशाला सांगतोय ह्यो? आमच्या भागूचं लगीन कधी जमतंय, ते सांग म्हणावं!"

मागच्या ओळीतली ही कुरकुर लंकाबाईच्या कानावर पडली. तिने मान वळवली नाही, पण पदराआड हसून घेतलं.

२००९ सालचा पाडवा. महाळुंगे पडवळच्या देवळात या दिवशी पंचांग वाचलं जायचं. पाऊस किती, धान्य महाग की स्वस्त, सगळं गाव मुकाट ऐकायचं आणि संध्याकाळपर्यंत विसरायचं. यंदा रखमाजीने तो मान आपल्या लेकाला मिळवून दिला होता. स्वराज पुण्यातल्या कंपनीत होता. मागच्या पन्नास-साठ वर्षांचे आकडे ओळीने मांडून जगाचं पुढे काय होणार ते तो सांगायचा. त्याचा पगारही मिळतो, याचंच गावाला जास्त नवल.

पडदा म्हणून त्याच्या आईने, बयाबाईने, मोराची चादर दिली होती. जगाच्या लोकसंख्येची रेघ मोराच्या नखापाशी निघाली आणि २०५० साली तुऱ्यावर जाऊन बसली. तेल चढलं, उष्मा चढला, गहू चढला.

"एवढी माणसं वाढणार, तर आमच्या पोरांनाच पोरी का मिळंनात, राव?" सावळेरामने विचारलं.

देऊळ हसलं. स्वराजही हसला, जरा उशिरा. तिशी त्यानेही ओलांडली होती.

मग त्याने आपल्या भागातली रेघ लावली. दरवर्षी पहिलीच्या वर्गात किती मुली आल्या, त्याची. रेघ बरी चालली होती आणि मध्येच कुणी अंगठ्याने दाबावी तशी खाली गेली.

गडी एकदम बोलायला लागले.

"पोरींना आता पुण्यात फ्लॅट लागतो!"

"टीव्हीनं नासवल्यात."

"कांदेवाल्याला कोण इचारतंय!"

बायका मात्र पदर सारखे करत राहिल्या.

"इथे आकडे चुकलेत," स्वराज म्हणाला. "अशा चुकीला आम्ही नॉईज म्हणतो. सरासरी काढली की जाते." त्याने कळ दाबली. खड्डा बुजला. रेघ पाट्यासारखी सपाट झाली. टाळ्या पडल्या.

लंकाबाईचे हात मांडीवरच राहिले. खड्ड्यापासून सहा वर्षं मागची ती सालं तिला पाठ होती. वेशीवरून पांढरी जीप निघायची. पोटुशा बायका देवीच्या दर्शनाला म्हणून शहरात जायच्या, परतल्या की दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडायच्या. प्रसाद मात्र कधी कुणी आणला नाही. लंकाबाईच्या पदरात तीन मुली होत्या आणि पुन्हा दिवस गेले, तेव्हा बयाबाईने मायेनेच तिच्यासाठी जीपमध्ये जागा धरली होती. लंकाबाई त्या पहाटे माहेरी, खोडदला निघून गेली. स्नेहल झाली. बाळ बघायला कुणी फिरकलं नाही. गाव पोरीला नावाने कधी हाक मारेना, 'चौथी' म्हणायचं.

आता त्याच चौथीसाठी दिवाळीपासून दारात पाहुण्यांच्या चपला मावत नव्हत्या. पोर मास्तरीण होण्यासाठी शिकत होती. कुठल्या घरात द्यायची, या विचाराने आईचा डोळा लागत नव्हता.

कार्यक्रम उरकला. रखमाजी नारळ घेऊन समोर आला. सगळं गाव थबकलं.

"लंकाबाई, गावातल्या गावात सोयरीक करायची आपली रीत न्हाई. पण भावकी येगळी, कूळ येगळं. रीत बघत बसायला आता सवड तरी कुणाला हाय? स्नेहल आमच्या स्वराजला द्या. जगाचं समजतं त्याला."

बयाबाई नवऱ्यामागे उभी होती. तिची नजर जमिनीवर होती.

लंकाबाईने नारळाला हात लावला नाही. ती स्वराजकडे वळली.

"बाळा, त्यो खड्डा परत दाव."

स्वराजने कळ दाबली. रेघ पुन्हा खचली. लंकाबाई चादरीजवळ गेली आणि तिने बरोबर तिथे बोट ठेवलं.

"ही चूक न्हाई. ह्या तुमच्या सुना. पोटातच मारल्या." मग ती बयाबाईकडे बघून हळूच म्हणाली, "माजीबी जागा धरली व्हतीस तू जीपमंदी. मी बसले न्हाई, बया, म्हणून आज तुला मागायला ही एक तरी हाय."