येळवणी

"डाळ शिजली असेल. आता वेळा," नीलांबरीबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणून आज पुरण नवऱ्याकडे, म्हणजे अवधूतसरांकडे, आणि पोळ्या लाटणं शेजारच्या मालनबाईंकडे, अशी वाटणी झाली होती.

सर मराठीचे निवृत्त प्राध्यापक. स्वयंपाकातल्या शब्दांचा कोश अकरा वर्षं करत होते. 'वेळणे' हा शब्द आला कुठून, याबद्दल त्यांच्या चिठ्ठीवर दोन तर्क होते आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. अर्थाबद्दल मात्र शंका नव्हती: शिजलेल्या डाळीतलं पाणी काढून टाकणे.

सरांनी चाळणी धरली आणि पाणी काढून टाकलं. सिंकमध्ये, शेवटच्या थेंबापर्यंत.

"कट कशात काढलात?"

"कसला कट?"

नीलांबरीबाईंनी सिंककडे पाहिलं. "अहो, त्याचीच तर आमटी करायची होती."

दूध घालणारा मच्छिंद्र आणि त्याची बायको मनकर्णा हिवरे बाजारहून जेवायला यायचे होते. तीन आठवड्यांपूर्वी नीलांबरीबाई फाटकाशी पडल्या, तेव्हा सर आत 'फोडणी'च्या मुळाशी गेले होते. हाक त्यांना ऐकू आली नाही, मच्छिंद्रला आली. त्याने बाईंना टेम्पोत कॅनशेजारी बसवून दवाखाना गाठला. मनकर्णा दोन दिवस उशाशी बसली. त्याबद्दल काही घ्यायला दोघं तयार नव्हते. जेवायला या म्हटल्यावर मात्र हो म्हणाले. आभार मानायला सरांना हे एकच जेवण मिळालं होतं, आणि त्यातली आमटी नगरच्या गटारात गेली होती.

पाहुणे येताच सरांनी दारातच गुन्हा कबूल केला.

"येळवणी वतून दिली व्हय?" मच्छिंद्रने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. "तरीच म्हनलं, गटारीला सणाचा वास कसा."

मनकर्णाने पदर खोचला. "सरका, सर." तिने शिजलेल्या डाळीतली दोन पळ्या डाळ घोटून उकळत्या पाण्यात कालवली. "झाली येळवणी. वैनी, काळा मसाला कुठंय?"

"पाहुण्यांनी स्वयंपाक करायचा म्हणजे..." सर चाचरले. "मला तुमचे आभार मानायचे होते."

"ते जेवल्यावर. आदी खोबरं भाजा. काळं करू नका."

सरांनी भाजलं. बरंचसं काळं झालं नाही.

आभाराची चार वाक्यं त्यांनी सकाळपासून घोकली होती. पंगत बसली, आमटीचा पहिला भुरका गेला, आणि चारही वाक्यं गेली. त्यांनी नीलांबरीबाईंकडे पाहिलं. त्या डाव्या हाताने पोळी मोडत होत्या. मग मनकर्णाकडे पाहून सर हात जोडायला गेले. उजवा हात पुरणाने भरलेला, डाव्यात रिकामी वाटी. दोन्ही हात अर्ध्यावरच राहिले.

"वाटी सरळ धरा, सर," मनकर्णा म्हणाली, आणि तिने काठोकाठ आमटी वाढली.