बिरवाडीचा थांबा

सलोनी माईकपाशी गेली आणि मंगेशनं खुर्चीची कड घट्ट धरली.

दहावीच्या निरोप समारंभाला तो काही लेकीचं कौतुक ऐकायला आला नव्हता. वालाच्या शेतातलं काम टाकून वरंधहून महाडला आला होता तो तिला पारखायला. गेल्या आठवड्यात शेजारच्या सदूनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मंगेशदादा, वाईट वाटून घेऊ नको. पोरगी शालंत जाते म्हनून निघते, पन मधीच बिरवाडीला उतरते. मी त्याच गाडीला असतो ना!" सदू महाडात दुकानात कामाला. तो कशाला खोटं बोलेल?

बिरवाडीत कारखान्यातली पोरं खोल्या घेऊन राहतात. मंगेशची झोपच उडाली. बायकोला बोलला नाही, पोरीला विचारलं नाही, नुसता बघत राहिला. सलोनी गप्प बसली तर काहीतरी लपवतेय, हसली तर कोणासाठी हसतेय! वेणी घालायला वेळ लागला तरी ह्याला संशय. मनाशी मात्र त्यानं ठरवून टाकलं होतं. गोष्ट खरी निघाली तर अकरावी बंद, आणि उन्हाळ्यात पोरगी उजवून मोकळं व्हायचं.

आज सदूही कामावरून सुट्टी काढून आला होता. का, तर दादाला आधार म्हणून. असा शेजारी मिळायला नशीब लागतं, असं मंगेशला मनापासून वाटत होतं.

'शाळेनं मला काय शिकवलं' यावर मुली बोलत होत्या. शिस्त, वक्तशीरपणा, मोठ्यांचा आदर. चौघीपाचजणींनी तेच ते सांगितलं आणि लोकांनी तितक्याच भक्तिभावानं टाळ्या वाजवल्या. सलोनीच्या हातात मात्र कागद नव्हता.

"शाळेनं मला उठायला शिकवलं," ती म्हणाली.

मुली खुदकन हसल्या. ती नाही हसली.

"अनुपमाबाई वर्गात म्हणाल्या होत्या, नकोसं वाटलं तर सोसत राहायचं नाही, उठायचं. म्हणून मी उठते. बिरवाडीला एसटीतून उतरते आणि तिथून रिक्षानं शाळेत येते. उशीर होतो, बाई ओरडतात. पण घरी सांगायला जीभ रेटली नाही."

मंगेशच्या कानशिलात आग पेटली. भर सभेत कबुली! लाजलज्जा काही आहे की नाही या कार्टीला?

"बग, मी काय बोललो व्हतो?" सदू कुजबुजला. त्यानं मंगेशची बाही ओढली. "चल दादा, हितं तमाशा नको. घरी बगू."

मंगेशनं बाही सोडवून घेतली. ताडकन उठून उभा राहिला.

"कोनासाठी उतरतेस गो? सांग, सगल्यांसमोर सांग!"

अनुपमाबाई लगबगीनं पुढे आल्या, पण सलोनीनं त्यांना हातानंच थांबवलं. तिनं माईक जवळ ओढला. आवाज कापत नव्हता.

"बाबा, आज तुमच्या शेजारी बसलेत ना सदूकाका, ते गाडीत रोज माझ्या शेजारी येऊन बसतात."